चौकशीची चूल

आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर भामाबाई राहते. वय पासष्टच्या पुढं, नेमकं तिलाही ठाऊक नाही. आधार कार्डावर एक जानेवारी लिहिलंय, पण कार्डांवर विश्वास ठेवायचा तर अर्धी वाडी एक जानेवारीलाच जन्मलेली आहे, तेव्हा ते सोडून द्या. तिच्या केशरी रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव आहे आणि खाली सदस्यांच्या यादीतही तिचंच, एकटीचं. घरची कर्ती तीच आणि घरची माणसंही तीच. वीस पावलांवर, उंच जोत्यावर, तिच्या मुलाचं स्लॅबचं घर आहे. त्या घराचं कार्ड पांढरं. सरकारच्या लेखी ही दोन घरं एकमेकांची कोणी लागत नाहीत.

सहा वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा कार्ड एक होतं, चूल एक होती आणि भामाबाईचं ताट सुनेच्या, राणीच्या, ताटाला लागून मांडलं जायचं.

चुलीचं म्हणाल तर भामाबाईनं आयुष्यात जेवढ्या चुली मांडल्या तेवढ्या पंचक्रोशीत कुणी मांडल्या नसतील. तिचं माहेर माण तालुक्यातलं, सासर इथलं, दोन्हीकडं मेंढरं. लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षं ती नवऱ्याच्या, नानासोच्या, मागं पाटणच्या बाजूला मेंढरं घेऊन हिंडली. आज या रानात, उद्या त्या बांधाला. घोड्यावरनं बोचकं उतरलं की पहिलं काम तीन दगड शोधायचं. सकाळी ते दगड तिथंच टाकून पुढं निघायचं. पण कुठंही मांडली तरी चुलीवर भाकरी पडायच्या त्या चार-पाच माणसांच्या. एका माणसाची चूल तिनं कधी पाहिली नव्हती. असली कसली चूल, असं कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

नानासो त्याच हिंडण्यात गेला. पोटात कळ आली, दवाखाना घाटाच्या खाली, आणि खाली न्यायला काही मिळेपर्यंत उजाडलं. मग भामाबाईनं मेंढरं विकली आणि थोडी कोरडवाहू जमीन कसत धनाजीला वाढवला. धनाजी शाळा सोडून या भागातल्या पोरांसारखा गलाईच्या धंद्यात गेला. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, तेही थेट तमिळनाडूत, सेलमला. दहा वर्षं दुसऱ्याच्या भट्टीपुढं बसून त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. दुकान भाड्याचं, गाडी कुणीतरी वापरून टाकलेली. पण कागदावर दुकान ते दुकान आणि चारचाकी ती चारचाकी. रेशनकार्ड पांढरं झालं. त्यात कुणाला वाईट वाटलं नाही. उलट वाडीवर पांढरं कार्ड म्हणजे जरा मानाचंच.

त्या कार्डाचा खरा रंग कळला तो मिरजेच्या दवाखान्यात. भामाबाईला लहानपणी कधीतरी सांधे धरून ताप आला होता, तो काळजाच्या झडपेवर बसला होता म्हणे. तिला वाटायचं वयानं धाप लागते. डॉक्टरांनी मशीनवर बघितलं आणि सांगितलं की झडप बदलावी लागेल, वर्षभर काढलंत तर पुष्कळ. खर्च ऐकून राणीनं पदर तोंडाला लावला. बाहेर सरकारी योजनेचं टेबल होतं. त्यावरचा पोरगा चांगला होता, त्यानं आधी दोघींना बसायला खुर्च्या दिल्या.

"मावशी, काळजी करू नका. योजनेत हे ऑपरेशन बसतंय, एक रुपया लागणार नाही. कार्ड कुठलं तुमचं?"

"पांढरं," राणी म्हणाली.

पोरानं पेन खाली ठेवलं. पिवळं चालतं, केशरी चालतं, पांढरं चालत नाही, असा तेव्हाचा नियम होता. काळीज सगळ्यांचं सारख्याच रंगाचं असतं हे टेबलामागच्या पोराला कळत होतं. त्याच्या कॉम्प्युटरला कळत नव्हतं.

धनाजी फोनवर म्हणाला, "आई, म्या दुकान इकतो. तू घोर करू नगंस." आणि तो विकणार होता, हे भामाबाईला पक्कं माहीत होतं. म्हणून तर तिनं आकारामला बोलावणं धाडलं.

आकाराम म्हणजे वाडीचा कागदपत्रांचा माणूस. तहसीलमध्ये कोणत्या खिडकीला किती वाजता गर्दी नसते इथपर्यंत त्याचा अभ्यास. त्यानं चहा घेत घेत तोड काढली. "कार्ड फोडायचं. आत्याबाईंचं येगळं करायचं. म्हातारी बाई, नवरा न्हाई, पोरगा बघत न्हाई, येगळी ऱ्हाती, येगळं शिजवून खाती. उत्पन्नाचा दाखला निघतोय, केशरी कार्ड मिळतंय, आप्रेशन फुकट. अर्ध्या तालुक्यानं केलंय." मग जरा थांबून म्हणाला, "फकस्त तलाठी चौकशीला यील. त्यास्नी चूल दिसाय पायजे."

सासू-सुनेनं मिळून ती चूल उभी केली. घराच्या खालच्या अंगाला पत्र्याची खोली होती, पूर्वी तिथं कोकरं कोंडायचे. राणीनं ती शेणानं सारवली, भामाबाईनं माती कालवून चूल घातली. चूल नवी दिसू नये म्हणून राणीनं दोन दिवस तिच्यात बाभळीचा जाळ करून भिंत काळी केली. मग सामान. एक ताट, तेही काठाला चेपलेलं. एक तांब्या, एक पातेलं, एक वाकळ. "दोन ताटं ठेवू का गं?" भामाबाईनं विचारलं, तेव्हा राणी हसून म्हणाली, "दुसरं कुनाला वो? तुमी एकट्याच न्हवं का?" आणि दोघी पोट धरधरून हसल्या. धाप लागून भामाबाईला खाली बसावं लागलं, तरी हसू थांबेना. ते हसणं तिला अजून आठवतं. त्यानंतर दोघी मिळून तशा हसल्या नाहीत.

राणीनं तिला पाठही करून दिलं. मुलगा बघतो का, असं विचारलं की "न्हाई" म्हणायचं. एवढंच. पुढं बोलायचं नाही.

तलाठी आला तो अकराच्या सुमाराला, आकाराम मागं फाइल घेऊन. नातवंडांना शेजारी पाठवलं होतं. राणी खोलीच्या मागच्या बाजूला भिंतीआड उभी होती, काही चुकलंच तर सावरायला. तलाठ्यानं चूल पाहिली, ताट पाहिलं, राखेत काडी फिरवली. माणूस काही वाईट नव्हता, पण असल्या शंभर चुली त्यानं पाहिल्या असणार.

"मुलगा बघत नाही का, आजी?"

"न्हाई."

तलाठी नुसता बघत राहिला. लिहीना. त्या गप्प बसण्यानं भामाबाई घाबरली. तिला वाटलं, झालं, ओळखलं यानं. आता धनाजीचं दुकान जाणार. आणि तिच्या तोंडातून आपोआप पुढचं निघालं. "सुनंनं ताट येगळं केलं, सायेब. मागितल्याबिगर वाटीभर कालवान मिळत न्हाई. लेक लांब, त्याला काय ठावं? कोकरांच्या खोलीत घातलंया मला." आणि रडू आलं. खोटं रडायला ती बसली नव्हती. नानासोचं, धाप लागण्याचं, ऑपरेशनच्या भीतीचं, कशाचं कोण जाणे, पण डोळ्यांतून धार लागली ती खरी लागली.

तलाठ्यानं मान खाली घालून लिहिलं. बाहेर पडताना आकाराम हळूच म्हणाला, "आत्याबाई, लय भारी बोललासा. त्या बोलण्यावर काम झालं." भामाबाई पदरानं डोळे पुसून भिंतीआड गेली, राणीला सांगायला की झालं बाई एकदाचं. तिथं राणी नव्हती. वर घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता, जरा मोठाच.

कार्ड झालं, केशरी. दोन महिन्यांत ऑपरेशन झालं, एक रुपया न लागता. हे खरं तसं सांगितलं पाहिजे, सरकारनं शब्द पाळला. मिरजेला राणी एकवीस दिवस तिच्या उशाशी होती. तिची वेणी घातली, तिला न्हाऊ घातलं, नर्सशी भांडून चादरी बदलून घेतल्या. फक्त बोलली नाही, कामापुरतं सोडून. भामाबाईला वाटलं, दमली असेल.

घरी आल्यावर रिक्षातून उतरून भामाबाई सवयीनं जोत्याकडं वळली. "वर घेतीस का गं हात धरून?" तिनं विचारलं.

राणीनं बोचकं उचललं आणि खालच्या खोलीकडं चालू लागली. "खालीच ऱ्हावा की. मी ताट येगळं केलंया न्हवं?"

"अगं, ते तलाठ्याला दावायला..."

"व्हय. म्हाईत हाय मला."

झालं. एवढंच भांडण. वाडीत सासू-सुनांची भांडणं तीन दिवस चालतात आणि चौथ्या दिवशी दोघी मिळून शेंगा फोडत बसतात. हे चार शब्दांचं भांडण सहा वर्षं टिकलं. राणी वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाला नावं तरी ठेवता येतात. ती पाण्याची घागर दाराशी आणून ठेवायची, गोळ्या संपत आल्या की आधीच मागवायची, दिवाळीला लुगडं घ्यायची. फक्त "वर जेवायला या" हे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. आणि भामाबाईलाही मागून घ्यायला जमलं नाही. मागितल्याबिगर मिळत नाही, असं तीच एकदा बोलून बसली होती.

कारणं काय, ढीगभर मिळतात. आधी म्हणे, चौकशी पुन्हा येईल, चूल ठेवलेली बरी. मग डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. नवी झडप धातूची, तिच्यासाठी रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. तेव्हा पालेभाजी बेतानं, मीठ कमी. मग आपलं वेगळंच शिजवलेलं बरं. मग आकारामनं केशरी कार्डाच्या जोरावर निराधारची पेन्शन सुरू करून दिली, म्हणजे चूल मोडायची सोयच उरली नाही. मिरजेत डॉक्टर विचारायचे, घरात धूर असतो का, काळजाला बरा नव्हे. ती म्हणायची, "न्हाई, ग्यास हाय." गॅस होता, वीस पावलांवर.

धनाजी वर्षातून दोनदा यायचा. ते आठ-दहा दिवस भामाबाई वरच जेवायची, राणी गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात टाकायची, जणू रोजचंच आहे. "खाली कशाला गं ऱ्हातीस, आई?" तो विचारायचा. "पथ्य असतं बाबा माझं," ती म्हणायची. राणी खाली बघून भाकरी थापत राहायची. दोघींचं या एका बाबतीत चांगलं जमायचं. तो गेला की दुसऱ्या दिवशी भामाबाई न सांगता आपलं चेपलेलं ताट घासून घ्यायची.

सगळ्यांत वाईट वेळ दुपारची. माणसं रानात, पोरं शाळेत, पत्रा तापलेला. त्या शांततेत छातीतली झडप ऐकू यायची. टिक, टिक, टिक. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज येईल, घाबरू नका, तो येतोय तोवर सगळं ठीक. दवाखान्यातल्या गडबडीत तो कधी कानावर आला नव्हता. वरच्या घरात टीव्ही, मिक्सर, पोरांची भांडणं, तिथंही आला नसता. इथं मात्र तो भिंतीवरच्या घड्याळाइतका स्वच्छ यायचा. भामाबाई त्याच्याशी बोलायची. "व्हय रं बाबा, हाय मी, हाय," म्हणायची. एकटी माणसं कशाकशाशी बोलतात, त्यात हसण्यासारखं काही नाही.

मग एकदा मिरजेला रक्त तपासायला गेली असताना योजनेच्या टेबलावर तिनं सवयीनं केशरी कार्ड पुढं केलं. आता तिथं नवी पोरगी होती. ती म्हणाली, "मावशी, आता रंग बघत नाहीत. पिवळं, केशरी, पांढरं, सगळ्यांना योजना लागू झालीय."

"पांढऱ्याला बी?"

"पांढऱ्याला बी."

भामाबाई बाकावर बसून राहिली. वास्तविक तिला आनंद व्हायला हवा होता. वाडीवर पांढऱ्या कार्डाची आणखी चार घरं होती, त्यांचं भलं झालं. पण तिच्या मनात एकच आलं: मग माझ्या त्या बोलण्याचं काय? सरकारनं एका कागदानं नियम फिरवला. तिनं तलाठ्यापुढं काढलेले शब्द मागं घेण्याची खिडकी कुठल्या मजल्यावर आहे, ते आकारामलाही सांगता आलं नसतं.

यष्टीत ती वाक्य जुळवत आली. उतरल्या उतरल्या जोत्याच्या पायरीशी उभी राहून म्हणाली, "राणी, आता पांढऱ्यावर बी हुतंय म्हनं. खालची चूल मोडली तरी चालतंय."

राणी कपडे वाळत घालत होती. तिनं चिमटा तोंडातून काढला. क्षणभर वाटलं, ती काहीतरी वेगळंच बोलणार. मग म्हणाली, "पेन्शन हाय की अजून. चौकशी आली तर काय सांगायचं?" आणि तिनं पुढचा कपडा झटकला. भामाबाई "ते बी खरं" म्हणून खाली आली. जुळवलेलं अर्धं वाक्य तिच्याजवळच राहिलं.

चौकशी आलीच, त्या उन्हाळ्यात. अपात्र कार्डं शोधायची मोहीम निघाली होती. तलाठ्यांचं नाव आता सरकारनं बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंय. वाडी अजून तलाठीच म्हणते. या वेळी बाई होती, तिशीच्या आतली, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात मोबाइल. सकाळी दहाच्या सुमाराला ती खालच्या खोलीशी आली. राणी पिठाच्या हातानंच जोत्यावरून उतरली आणि दारापासून चार पावलांवर उभी राहिली. या वेळी भिंतीआड नाही, समोर. तिनं भामाबाईकडं पाहिलं, आणि तो पाहण्याचा अर्थ भामाबाईला कळला: म्हना, आत्याबाई, पाठ हाय न्हवं?

बाईनं चूल पाहिली. या वेळी काही करायची गरज नव्हती, भिंत सहा वर्षांच्या धुरानं आपोआप काळी होती. एक ताट, एक तांब्या, एक वाकळ. सगळं खरं. खुंटीवर गोळ्यांची पिशवी. बाईचा चेहरा उतरला.

"आजी, एकट्याच राहता?"

"व्हय."

"मुलगा बघतो का?"

आता "न्हाई" म्हणणं किती सोपं होतं. सहा वर्षांपूर्वी ते खोटं होतं तर डोळ्यांतल्या पाण्यासकट तोंडातून धावत निघालं होतं. आज ते जवळजवळ खरंच झालं होतं, तरी जीभ हलेना. छातीतली टिकटिक त्या बाईलाही ऐकू गेली असावी; ती इकडंतिकडं घड्याळ शोधत होती.

"बघतो," भामाबाई म्हणाली. "लेक बघतो. सून तर लय बघती. मिरजंला एकवीस दिस माझ्या उशाला हुती. मागं मी तलाठ्याला बोलले, सुनंनं ताट येगळं केलं म्हनून. ते खोटं हुतं. ते लिवून घ्या."

"तसं लिहिता येत नाही, आजी. आणि कार्ड रद्द होईल हं. पेन्शनही बंद पडेल."

"पडू दे."

बाई गोंधळली. मोबाइल हातात तसाच ठेवून तिनं काळ्या भिंतीकडं बोट केलं. "मग ही वेगळी चूल कुणाची?"

"तुमचीच की," भामाबाई म्हणाली. "तुमास्नी दावायला मांडलीया. तुमी कवा येतासा, ठावं न्हवतं, म्हनून इझवली न्हाई."

बाईनं काही लिहिलं, अंगठा घेतला आणि पाणीही न पिता पुढच्या घराकडं गेली. तिला अजून चाळीस घरं करायची होती. राणी जागची हलली नव्हती. हातावरचं पीठ वाळून पांढरं पडलं होतं. सहा वर्षांत ती पहिल्यांदा त्या खोलीचा उंबरा ओलांडून आत आली आणि चुलीपुढं उभी राहिली.

"ह्येच तवा म्हनला असतासा तर," ती म्हणाली. "तवाच म्हनायचं हुतं की वो, आत्याबाई."

"तवा म्हनले असते," भामाबाई म्हणाली, "तर मेले असते, राणी."

राणीनं ते चेपलेलं ताट उचललं, दोन्ही हातांत धरलं, आणि परत होतं तिथं ठेवलं. काहीतरी बोलायचं होतं तिला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण सहा वर्षांत त्या बोलण्याची सवय मोडली होती. तव्यावर भाकरी राहिलीय, असं पुटपुटून ती वर गेली. भामाबाई दाराशी बसून राहिली, ऊन उंबऱ्यावर येईपर्यंत. गोळी जेवणानंतर घ्यायची असते आणि तिची वेळ चुकवून चालत नाही. मग तिनं चूल पेटवली आणि एका माणसाच्या भाताला आधण ठेवलं.